मटक्याने पोळलेल्या घरात शेअरचे नाव

पत्राचा सारांश: पत्रलेखिका खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहेत. वय त्रेचाळीस, नोकरी २००८ पासून. पती बेळगावच्या उद्यमबागेतील एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत आणि मुलगी यंदा दहावीला आहे. पतीच्या थोरल्या काकांनी मटक्याच्या नादात घरची दीड एकर भातजमीन घालवली, आणि तेव्हापासून ‘बिनकष्टाचा पैसा उंबऱ्याच्या आत नको’ हा त्या घरचा दंडक आहे. बचत बँकेतील मुदत ठेवी, गावच्या पतसंस्थेतील सहा लाखांची ठेव, रोजची पिग्मी आणि थोडे सोने यांत आहे. चार लाखांच्या एका बँक ठेवीची मुदत लवकरच संपते आहे. पुण्यातील भाचा म्हणतो, ‘मामी, आता तरी शेअर बाजारात घाला, तुमचे खाते मी सांभाळतो.’ पती म्हणतात, शेअर बाजार म्हणजे सुटाबुटातला मटका. कारण शेजारच्या इंजिनिअर मुलाने मोबाईलवर ऑप्शनचे व्यवहार करून काही लाख घालवले आणि आता ते घर कर्जाचे हप्ते फेडते आहे. पत्रलेखिका विचारतात: ‘आमची भीती अडाणीपणाची आहे का? असेल तर ती घालवायची कशी? आणि नसेल तर भाच्याला काय उत्तर देऊ?’

ताई,

तुमची भीती अडाणीपणाची नाही. हातची जमीन गेलेली तुमच्या घराने पाहिली आहे, शेजारचा मुलगा रोज डोळ्यांसमोर आहे, आणि एवढे पाहूनही ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हाती मी तरी माझे पैसे देणार नाही. मला शंका आहे ती निराळ्या बाबतीत. ‘शेअर बाजार’ या एका नावाखाली तुम्ही किमान दोन अगदी भिन्न व्यवहार एकत्र धरले आहेत, आणि त्यांतल्या एकाची भीती दुसऱ्याच्या माथी गेली आहे. शिवाय पत्रात एके ठिकाणी तुम्ही पूर्ण निर्धास्त आहात, आणि नेमकी तिथे थोडी भीती असती तर बरे झाले असते असे मला वाटले. त्याकडे पुढे येईन.

सुरुवात काकांपासून करू, कारण तुमच्या पतीचे म्हणणे वरवर दिसते तितके चुकीचे नाही. मुंबईत मटका रुजला तो मुळात बाजारभावाच्याच आधाराने. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, त्या आकड्यांवर लोक पैसे लावत; १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले, तेव्हा चिठ्ठ्या टाकून आकडा काढण्याची रीत पडली. कापसाच्या भावाच्या जागी चिठ्ठी आली तरी खेळणाऱ्यांचे काहीच अडले नाही, कारण त्यांचा कापसाशी कधी संबंधच नव्हता. एकेरी आकड्याला रुपयामागे नऊ रुपये हा त्यातला रूढ भाव धरला, तर दहा आकड्यांवर दहा जणांनी एकेक रुपया लावल्यावर दहा रुपये गोळा होतात आणि नऊच परत जातात. काका कितीही हुशार असते, आठवड्यातून एकदाच लावत असते, तरी पुरेशा काळात हे गणित त्यांच्या विरुद्धच गेले असते. जुगाराची माझ्या मते हीच खूण आहे: सगळ्यांनी मिळून जेवढे घातले त्याहून कमीच बाहेर येते, आणि मधल्या काळात जगात कोणतीही नवी वस्तू तयार होत नाही.

याच कसोटीवर शेअर घासून पाहू. बेळगावच्या यमनापूर भागात हिंडाल्कोचा ॲल्युमिनाचा कारखाना आहे; केवळ ओळखीचे नाव म्हणून ते घेतो, तो शेअर घ्या असा त्याचा अर्थ मुळीच नाही. त्या कंपनीचा एक शेअर घेतला म्हणजे तिचे सगळे कारखाने, यंत्रे, येणी आणि नफा यांतल्या अतिसूक्ष्म हिश्शाची मालकी घेतली. माल विकून, पगार, कच्चा माल, वीज, व्याज आणि कर भागवून काही उरले, तर त्यातला थोडा भाग लाभांश म्हणून भागधारकांना मिळतो आणि बाकीचा धंद्यात परत जातो. आणखी एक गोष्ट भाचा कदाचित सांगणार नाही, म्हणून मी सांगतो: बाजारातून शेअर घेता तेव्हा तुमचे पैसे कंपनीकडे जात नाहीत, तो शेअर विकणाऱ्या आधीच्या भागधारकाकडे जातात. तरीही तुमच्या हाती येतो तो चालत्या धंद्यातला हिस्सा, आणि धंदा वाढला तर दोघांपैकी कोणाचेही नुकसान न होता त्या हिश्शाचे मोल वाढू शकते. ज्याने विकला त्याने आपली किंमत घेतली, तुम्हाला पुढच्या नफ्याचा हक्क मिळाला. मटक्यात असे घडण्याची सोयच नसते.

धंदा बुडाला तर शेअरही बुडतो, हे उघड आहे. पण धोका असणे आणि जुगार असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या दीड एकरात भात लावताना पाऊस दगा देईल ही शक्यता दरवर्षी होतीच, आणि एखाद्या वर्षी ती खरीही ठरली असेल. तरी भात लावणाऱ्याला गावात कोणी जुगारी म्हटले नाही.

आता ‘बिनकष्टाचा पैसा’ या दंडकाविषयी. मला त्याबद्दल आदर आहे, कारण तो हावेवर घातलेला लगाम आहे. पण बँकेतील ठेवीवर मिळणारे व्याज तुम्ही घरात घेताच, आणि त्यासाठी तुम्ही स्वतः घाम गाळलेला नसतो. बँकेने ते पैसे कोणाला तरी कर्जाऊ दिले, त्याने कष्ट केले आणि त्यातला वाटा तुमच्यापर्यंत आला. लाभांशही असाच येतो. उद्यमबागेत तुमचे पती ज्या कास्टिंगचे टर्निंग करतात, ते पुढे एखाद्या मोठ्या वाहन कंपनीच्या किंवा पंप कंपनीच्या मालात बसत असण्याची शक्यता बरीच आहे, आणि अशा कंपन्यांचा नफा त्यांच्यासारख्या कारागिरांच्या हातांतूनच निघतो. त्या नफ्याचा लहानसा हिस्सा कारागिराच्या घरी आला, तर तुमचा दंडक मोडला असे मला वाटत नाही. तुम्हाला तसे वाटले, तर मात्र तुमचे मत माझ्या मतापेक्षा वरचढ ठरते, कारण घर तुमचे आहे.

पत्रात तुम्ही लिहिले आहे की, तुमच्या घरात आजवर कोणी शेअर घेतलेला नाही. हे एकदा तपासून पाहा. आपल्या भागात सहकार काही कालपरवाचा नव्हे. देशातील पहिली कृषी पतसंस्था १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला सुरू झाली, आणि आज बेळगाव जिल्ह्यात ऊस लावणाऱ्या घरांत साखर कारखान्याचे सभासदत्व, पीकेपीएसचे, म्हणजे गावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थेचे, सभासदत्व, पतसंस्थेचा भाग यांपैकी काही ना काही असतेच. तुमची सहा लाखांची ठेव ज्या संस्थेत आहे, तिचे सभासद होताना बहुधा तुम्हीही काही रुपयांचा शेअर घेतला असेल आणि वार्षिक सभेनंतर थोडा लाभांशही उचलला असेल. सहकारी शेअरची जात निराळी आहे, हे मान्य: तिथे एका सभासदाला एकच मत असते आणि त्या शेअरचा भाव बाजारात ठरत नाही. पण मालकी हीच आहे आणि धोकाही आहेच. कारखान्याचा गळीत हंगाम बिघडला की सभासदाला त्याची झळ बसते. तरीही त्याला कोणी मटका म्हणत नाही, कारण चिमणी दिसते, चेअरमन लग्नाकार्यात भेटतो आणि भाव रोज टीव्हीवर लाल-हिरवा होत नाही.

त्याहून जवळचे उदाहरण तुमच्या पगारपत्रकात आहे. कर्नाटक सरकारच्या सेवेत १ एप्रिल २००६ नंतर रुजू झालेल्यांना नवी निवृत्तिवेतन योजना, म्हणजे एनपीएस, लागू झाली. तुम्ही २००८ च्या. तुमच्या पगारातून दरमहा होणारी कपात आणि सरकारचा हिस्सा पेन्शन फंडांकडे जातो, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण पर्यायात त्यातला काही भाग शेअर्समध्ये गुंतवला जातो. बरीच वर्षे त्याची मर्यादा १५ टक्के होती. तुमच्या पतींचा पीएफ कापला जात असेल, तर भविष्य निर्वाह निधी संघटनाही ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमा रकमेतील काही टक्के निर्देशांकावर आधारित फंडांतून शेअर बाजारात घालते. आधी ५ टक्के, आणि पुढे ते प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत गेले. पीएफवर वर्षाचा एकच व्याजदर जाहीर होतो, म्हणून मधली चढउतार तुमच्या पतींच्या नजरेस पडत नाही, इतकेच. तेव्हा ज्या उंबऱ्याबाहेर तुम्ही शेअर बाजाराला थोपवून धरले आहे असे तुम्हाला वाटते, त्याच्या आत तो गेली काही वर्षे आहे. तुमच्या एनपीएसचे वार्षिक विवरण काढून पतींसोबत बसून वाचा. भीती कमी करण्यासाठी माझ्या शंभर वाक्यांपेक्षा ते एक पान अधिक उपयोगी पडेल.

शेजारच्या मुलाचा व्यवहार याहून अगदी वेगळा होता. ऑप्शनमध्ये कंपनीचा हिस्सा विकत घेतला जात नाही. ठरावीक मुदतीत भाव कुठे जाईल यावर दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात, एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा असतो, आणि दलाली, कर, शुल्क दोघांच्याही खिशातून जाते. हे करार मोठ्या व्यापाऱ्यांना आपला धोका कमी करण्यासाठी उपयोगी पडतात, म्हणून कायद्याने त्यांना परवानगी आहे. पण पगारदार माणूस रात्री मोबाईलवर शिकून सकाळी ते करू लागतो, तेव्हा त्याची स्थिती काकांपेक्षा फार निराळी नसते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांची पाहणी आहे. फ्युचर्स (याच जातीचे मुदतीचे करार) आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, तोट्यातल्या माणसाचे सरासरी नुकसान सुमारे दोन लाख रुपये होते आणि सगळ्यांचे मिळून १.८ लाख कोटींच्या वर गेले. सकाळी घेऊन संध्याकाळी विकणाऱ्यांचीही गत फार चांगली नाही. सेबीच्याच दुसऱ्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये असे करणाऱ्या दर दहांपैकी सात जण तोट्यात गेले. म्हणून पतींना स्पष्ट सांगा की या बाबतीत त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. भांडणात अर्धी बाजू खुल्या मनाने मान्य केली, की उरलेल्या अर्ध्यावर बोलता येते.

याच रांगेत आणखी काही गोष्टी बसतात. बाजाराच्या नोंदीबाहेर तोंडी चालणारे डब्बा ट्रेडिंग बेकायदा आहे. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटात ‘आज हा शेअर घ्या, महिन्यात दुप्पट’ असे सांगणारे, खोटे ॲप उतरवायला लावून त्यात फुगलेला नफा दाखवणारे आणि काढायला गेल्यावर ‘आधी कर भरा’ म्हणणारे हे सरळसरळ चोर आहेत. त्यांच्या जाळ्यात कोणी सापडलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची आशा अधिक असते. आपल्या सीमाभागाची यात एक जास्तीची अडचण आहे. बँकेतले फॉर्म आणि माहितीपत्रके कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतात, आणि गोड, सोप्या मराठीत जे काही मोबाईलवर येते ते नेमके टिपा देणाऱ्यांचे असते. आपल्या भाषेत बोलला म्हणून माणूस आपला, हा हिशेब पैशाच्या बाबतीत सोडून द्यावा लागतो. सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घालून पाहता येते.

आता तुमच्या निर्धास्तपणाकडे येतो. तुम्ही लिहिता, ‘पतसंस्थेतली ठेव तर सुरक्षितच आहे, संचालक सगळे ओळखीचे आहेत.’ बँकेतील ठेवींवर ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासह पाच लाख रुपये आहे. हे संरक्षण व्यापारी बँकांना आणि सहकारी बँकांना लागू आहे. पतसंस्था, सौहार्द संस्था, मल्टिस्टेट सोसायट्या यांच्या पाटीवर कितीही विश्वासार्ह नाव असले, तरी त्या बँका नसल्याने त्यांतल्या ठेवींना हा विमा नाही. याचा अर्थ तुमची संस्था वाईट आहे असा अजिबात नाही; सचोटीने चालणाऱ्या कितीतरी संस्थांनी आपल्या गावांना सावकाराच्या दारातून सोडवले आहे. परंतु घरच्या बचतीचा सर्वात मोठा एकच तुकडा विम्याविना एकाच ठिकाणी असणे, आणि देशातील पन्नास मोठ्या कंपन्यांत दोन हजार रुपये टाकायला हात थरथरणे, या दोहोंचा मेळ मला लागत नाही. संस्थेचा ताजा लेखापरीक्षण अहवाल मागा. थकीत कर्जांचे प्रमाण किती आहे, मोठी कर्जे संचालकांच्या नातेवाइकांना गेली आहेत का, बँकांपेक्षा दीड-दोन टक्के जास्त व्याज देणे तिला परवडते कसे, हे सभासद म्हणून विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. उत्तर नीट मिळाले तरी मुदत संपेल तसतशी ही रक्कम थोडी थोडी करून दोन-तीन ठिकाणी विभागा. घाईने मोडू नका आणि गावात चर्चाही करू नका. अफवेने चांगली संस्थाही अडचणीत येते.

शेअर्सची मालकी जुगार नसली, तरी ती तुम्हाला झेपेल का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर आकड्यांतच पाहिले पाहिजे. सर्वात वाईट मुहूर्त घेऊ. ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातील तीस मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, २०,८०० च्या वर बंद झाला. मार्च २००९ मध्ये तो ८,२०० च्या खाली होता. म्हणजे त्या दिवशी या सगळ्या कंपन्यांत मिळून एक लाख रुपये घातलेल्या माणसाच्या हाती चौदा महिन्यांनी, कागदावर, चाळीस हजारांहूनही कमी उरले. त्याच माणसाने काहीही न करता ते तसेच ठेवले असते, तर २०२४ च्या अखेरीस सेन्सेक्स ७८,००० च्या वर होता. सतरा वर्षांत पावणेचार पटींच्या जवळ, म्हणजे वर्षाला साधारण आठ टक्के, शिवाय लाभांश. फार मोठा चमत्कार नव्हे. त्या काळातील चांगल्या बँक ठेवीच्या आसपासचेच हे उत्पन्न आहे. पण ही शिखरावर एकाच दिवशी सगळे पैसे घालणाऱ्याची कथा आहे. दरमहा थोडे थोडे घालणाऱ्याने २००८ आणि २००९ मध्ये पडलेल्या भावातही हिस्से घेतले असते. पुढे काय होईल याची हमी मात्र यातून कोणालाही देता येत नाही. एकट्या कंपनीच्या शेअरबद्दल तर एवढेही बोलता येत नाही. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली, तेव्हा कालपर्यंत नामांकित असलेली ती कंपनी एका दिवसात कोसळली.

तेव्हा तुमच्या जागी मी काय केले असते ते सांगतो. मुदत संपणाऱ्या चार लाखांना शेअर बाजाराचे तोंडही दाखवले नसते. मुलगी दहावीत आहे. दोन वर्षे पीयूसी (अकरावी-बारावी), आणि लगेच पदवीची किंवा व्यावसायिक शिक्षणाची फी उभी राहील. पाच वर्षांच्या आत ज्या पैशाचे काम पडणार आहे ते शेअर्समध्ये घालणे हा उतावळेपणा आहे, भाच्याने कितीही तक्ते दाखवले तरी. ती रक्कम बँकेतच, दोन वर्षांच्या अंतराने लागेल अशा बेताने ठेवा. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे हाताशी आहेत का, दोघांचाही मुदतीचा जीवन विमा आणि घराचा आरोग्य विमा आहे का, हे त्याआधी बघा. पत्रात यांचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. वर्कशॉपमधील काम यंत्राशी आहे, तेव्हा पतींचा अपघात विमाही पाहावा.

शेअर्ससाठी योग्य असा तुमच्याकडचा पैसा एकच दिसतो: निवृत्तीपर्यंत लागणार नाही असा, पुढच्या पगारांतून येणारा. साठाव्या वर्षी निवृत्ती धरली, तर तुमच्यापुढे सतरा वर्षे आहेत. पिग्मीवाला रोज येतो तशी दरमहा एकदा खात्यातून आपोआप कपात होईल अशी एसआयपी निफ्टी ५० किंवा सेन्सेक्सच्या निर्देशांक फंडात (म्हणजे त्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात) सुरू करा, आणि रक्कम अशी निवडा की तिची अर्धी किंमत झाली तरी घरात आवाज चढणार नाही. तुमच्या बाबतीत ती दोन हजार असेल, कदाचित एकच हजार असेल. पहिली दोन वर्षे बाजार कितीही चढला तरी ती वाढवायची नाही, कितीही पडला तरी थांबवायची नाही. निर्देशांक फंड मी एवढ्यासाठी सुचवतो की त्यात कोणाच्याही हुशारीवर विसंबावे लागत नाही, पन्नास किंवा तीस कंपन्यांत पैसा विभागला जातो आणि खर्चाचे प्रमाण कमी असते. एकाच निर्देशांकाच्या दोन फंडांत निवड करताना हा वार्षिक खर्च पाहा, आणि ‘डायरेक्ट’ योजना घ्या. ‘रेग्युलर’मध्ये वितरकाचे कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातून जाते. ऑनलाइन व्यवहाराची धास्तीच वाटत असेल तर ओळखीच्या, नोंदणीकृत वितरकाकडून रेग्युलर घेणे हेही काही पाप नाही, फक्त ते कमिशन आपण देतो आहोत हे माहीत असावे. बँकेच्या काउंटरवर ठेव नूतनीकरणाला गेल्यावर विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेले पुडके पुढे सरकवले जाईल. ते नको म्हणा. कराची काळजी सध्या करू नका: वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या अशा फंडाच्या विक्रीवर एका आर्थिक वर्षात सव्वा लाख रुपयांपर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के आहे.

आणि एवढे वाचूनही मन घेत नसेल, तर नका घालू. शेअर्स न घेणे हा काही गुन्हा नाही. पीपीएफ आहे, ज्याचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि व्याज करमुक्त आहे. पतींना पीएफमध्ये स्वेच्छेने अधिक रक्कम कापून घेता येते. ज्या वाचकांच्या मुली दहा वर्षांखालील आहेत त्यांना सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. यांतून फार मोठी वाढ होणार नाही, पण म्हातारपणी हात रिकामेही राहणार नाहीत. महागाई मात्र ठेवीच्या व्याजातला मोठा घास शांतपणे खात असते, आणि व्याजावर करही लागतो; तो तोटा लाल अक्षरांत दिसत नाही म्हणून तो नसतो असे समजू नका. निवड तुम्हा दोघांची आहे, फक्त ती काकांच्या आठवणीने परस्पर होऊन जाऊ देऊ नका.

एक गोष्ट मात्र करू नका: पतींना न सांगता, मोबाईलवर गुपचूप सुरुवात. नफा झाला तरी त्या घरात ते लपवलेले पैसेच ठरतील, आणि तोटा झाला तर काकांच्या नावाशेजारी तुमचे नाव जाईल. वर सांगितलेले नियम एका कागदावर लिहा, त्यात ‘ऑप्शन नाही, उसने पैसे नाहीत, टिपा नाहीत’ हेही लिहा, आणि दोघांनी सह्या करा. सासूबाईंना तो कागद वाचून दाखवलात तर अधिकच चांगले. दंडक पाळणारी माणसे लेखी नियमांचा मान राखतात.

भाच्याला प्रेमाने सांगा की, कोणता फंड, कोणता फॉर्म, केवायसी कशी, हे त्याने समजावून द्यावे, पण खाते तुमच्या मोबाईलवर आणि तुमच्या ईमेलवर राहील. पासवर्ड आणि ओटीपी त्याला मिळणार नाहीत, आणि नामनिर्देशन तुम्ही स्वतः भराल. तो दुखावला तर एक-दोन दिवस दुखावू द्या. बँकेकडे मात्र मुदत संपण्याच्या आधीच जा, कारण लेखी सूचना नसेल तर बऱ्याच बँका ठेव जुन्याच मुदतीसाठी आपोआप नूतनीकृत करतात, आणि मग मुलीच्या फीच्या वेळी ती मोडण्याचा दंड तुम्हालाच भरावा लागेल.